घर घेतलं, बिल मात्र भलत्याचंच येतंय

अक्षय्य तृतीयेला आम्ही आमच्या पहिल्यावहिल्या घराच्या किल्ल्या घेतल्या. रीसेलचा फ्लॅट, तिसरा मजला, इमारत बारा-तेरा वर्षं जुनी. दाराला तोरण बांधलं, कलश ठेवला आणि दूध उतू घालायची वेळ आली तेव्हा लक्षात आलं की घरात गॅसच नाही. जुने मालक शेगडी घेऊन गेले होते आणि पाइपच्या गॅसची चावी कंपनीने बंद केली होती. आमच्या भाड्याच्या घरातला सिलिंडर घरमालकांच्या नावावरचा, त्यामुळे तोही तिथेच राहिला. शेवटी शेजारच्या काकूंनी त्यांचं इंडक्शन दिलं. दूध कडेला फेस धरू लागलं, सासूबाई हळदकुंकवाची कोयरी घेऊन पुढे सरसावल्या आणि खट् करून लाईट गेली. कोणीतरी हात धुवायला गरम पाणी हवं म्हणून गिझर लावला होता. दूध मुकाट्याने खाली बसलं. सासूबाई काही बोलल्या नाहीत, पण ते न बोलणं मला अजून आठवतं.

पुढच्या तीन महिन्यांत वीज आणि गॅस या दोन गोष्टींनी आम्हाला जेवढं पळवलं तेवढं बँकेच्या लोननेही पळवलं नाही. आता ओळखीत कोणी घर घेतलं की फोन येतो, आणि प्रश्न तेच चार-पाच असतात. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवते.

आधी एक भेद

वीजजोडणी जागेची असते. मालक बदलला तरी मीटर भिंतीवर तसाच, ग्राहक क्रमांक तोच आणि थकबाकीही तिथेच. सिलिंडरचं कनेक्शन माणसाचं असतं. तुम्ही गाव बदललंत तर ते तुमच्याबरोबर येतं, घराशी त्याचं काही नातं नाही. पाइपच्या गॅसचं मात्र अधलंमधलं आहे. पाइप आणि मीटर जागेचे, पण खातं आणि डिपॉझिट माणसाचं. पुढच्या बहुतेक भानगडी या भेदाचा घोळ झाल्याने होतात. लोक सिलिंडर घराबरोबर मागतात आणि विजेची बाकी जुन्या मालकाच्या गळ्यात आहे असं समजून निर्धास्त राहतात. दोन्ही उलटं आहे.

«आम्ही राहायला येण्याआधीचं बिल आमच्या माथी»

हा सगळ्यात महागात पडणारा प्रश्न, म्हणून तो आधी. «वापरलं त्यांनी, भरू का आम्ही?» हा सवाल न्यायाचा वाटतो, पण कायदा तसं बघत नाही. महाराष्ट्र वीज नियामक आयोगाच्या पुरवठा संहितेत जुन्या मालकाची थकबाकी हा त्या जागेवरचा बोजा धरलेला आहे. हा वाद केरळपासून महाराष्ट्रापर्यंत अनेक राज्यांतून सर्वोच्च न्यायालयात गेला होता. १९ मे २०२३ रोजी तीन न्यायमूर्तींच्या पीठाने सांगितलं की वीजपुरवठा जागेला होतो, आणि नियमांत तशी तरतूद असेल तर वीज कंपनी जुनी बाकी नव्या मालकाकडे मागू शकते. म्हणजे खिडकीवर भांडून उपयोग नाही. भांडायचं ते विकणाऱ्याशी, आणि तेही खरेदीखतावर सही करण्याआधी.

सही करण्याआधी हातात शेवटचं वीजबिल घ्या. महावितरणचा ग्राहक क्रमांक बारा आकडी असतो. तो आणि बिलावरचा बिलिंग युनिटचा, म्हणजे वीज कार्यालयाचा, क्रमांक टाकला की ॲपवर किंवा संकेतस्थळावर आजची बाकी दिसते. जुन्या मालकाने आणलेली पावती खरी असते, पण ती त्या दिवसापुरती. त्यानंतरचा महिनाभर रंगारी, सुतार, पाहुणे काय काय वापरतात ते त्या पावतीत नसतं. बिलावर गेल्या काही महिन्यांचा वापरही छापलेला असतो, त्यावरून एक नजर फिरवा. दर महिन्याला तोच तो आकडा दिसला तर तिथे खरं रीडिंग होत नसून सरासरीने बिल येतंय अशी शंका घ्या. चालू रीडिंगच्या जागी आकड्याऐवजी «लॉक» किंवा «फॉल्टी» असं काही छापलेलं असेल तर शंका घ्यायचीही गरज नाही. असा मीटर दुरुस्त झाला किंवा एकदा खरं रीडिंग झालं की मागचा सगळा फरक एकाच बिलात येतो, आणि तोवर मालक तुम्ही झालेले असता.

किल्ल्या घ्यायच्या दिवशी मीटरखाली उभं राहून तीन फोटो काढा: मीटरचा नंबर, किलोवॉट-तासाचं रीडिंग आणि मीटरचं सील. पाइपचा गॅस असेल तर त्या मीटरचाही एक. मग एका साध्या कागदावर «अमुक तारखेला रीडिंग इतकं, इथपर्यंतचं बिल विकणाऱ्याचं» एवढं लिहून दोघांच्या सह्या. लोक इतके पैसे मोजताना ही पंधरा मिनिटं देत नाहीत, आणि दिली तर समोरच्याला वाटतं आपल्यावर विश्वास नाही. वाटू द्या. आम्हाला तेवढा धीर नव्हता. «घरचीच माणसं आहेत» असं म्हणून आम्ही हसून निघालो होतो.

फ्लॅट बरेच महिने बंद असेल तर जोडणी कायमची तोडलेली असू शकते. कार्यालयात त्याला «पीडी झालं» म्हणतात. मग नुसता नावबदल होत नाही. बाकी भरून नव्याने जोडणी घ्यावी लागते. ग्राहक हक्कांच्या केंद्रीय नियमांत फेब्रुवारी २०२४ मध्ये सुधारणा झाली. त्यानुसार महानगरांत ३ दिवसांत, इतर नगरपालिका क्षेत्रांत ७ दिवसांत आणि ग्रामीण भागात १५ दिवसांत नवी जोडणी मिळायला हवी. अर्ज परिपूर्ण असेल आणि नवे खांब, केबल टाकायची गरज नसेल तर. «परिपूर्ण» या शब्दात सगळी गंमत आहे. म्हणून एका खेपेत सगळे कागद न्या आणि पोच घेतल्याशिवाय हलू नका.

एक आधाराची गोष्टही आहे. वीज कायदा २००३ च्या कलम ५६ प्रमाणे पुरवठा तोडण्याआधी पूर्ण १५ दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. आणि दोन वर्षांहून जुनी रक्कम मधल्या काळात बिलात सतत थकबाकी म्हणून दाखवलेली नसेल तर ती या कलमाखाली वसूल करता येत नाही. अचानक आठ वर्षांपूर्वीचा आकडा उगवला तर हे कलम लिहून अर्ज द्या. तोंडी सांगू नका.

«बिल माझ्या नावावर कसं होईल?»

हे वाटतं तेवढं अवघड नाही. महावितरणकडे नावबदलाच्या अर्जाला यू फॉर्म म्हणतात. नव्या जोडणीचा तो ए-वन. बरोबर इंडेक्स टू (खरेदीच्या नोंदणीचा उतारा), ओळखपत्र, अलीकडचं भरलेलं बिल, आणि जुन्या ग्राहकाची संमती. अर्ज ऑनलाइनही होतो. बाकी शून्य नसेल तर अर्ज पुढे सरकत नाही, तेव्हा आधी ती भरा.

अडतं ते संमतीवर. कारण जुन्या ग्राहकाची सुरक्षा ठेव तिथे पडून असते. ती तुमच्या नावावर वळवायची की त्यांना परत करून तुम्ही नवी भरायची, हे व्यवहारातच ठरवून टाका. हल्ली ही रक्कम हलकी राहिलेली नाही. २०२१ च्या नियमांप्रमाणे दर महिन्याला बिल येणाऱ्या ग्राहकाची ठेव सरासरी मासिक बिलाच्या दुप्पट असावी लागते, आणि वर्षातून एकदा हिशेब करून फरकाचं वेगळं बिल पाठवतात. पहिल्या उन्हाळ्यानंतर घरात दोन बिलं आली की नवे लोक घाबरतात. दुसरं बिल ते या ठेवीचं. त्यावर व्याज मिळतं, आणि ते पुढे बिलातून वजा होतं.

एक सल्ला, जो आमच्या दलालाने दिला नाही: विकणाऱ्याकडून यू फॉर्मवर आणि गॅसच्या नावबदलाच्या अर्जावर सही नोंदणीच्याच दिवशी, सह दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात बसल्या बसल्या घ्या. तिथे नाहीतरी दोन तास बसायचंच असतं. एकदा ते लोक बंगळुरूला किंवा मुलाकडे अमेरिकेला गेले की एका सहीसाठी सहा महिने जातात.

मुंबईत आधी बिलावर कंपनीचं नाव बघा. शहरात बेस्ट, उपनगरांत बहुतांश अदानी, बरेच ग्राहक टाटा पॉवरचे, आणि मुलुंड-भांडुपकडे महावितरण. फॉर्मची नावं बदलतात, कागद साधारण तेच. गोव्यात वीज थेट सरकारच्या वीज खात्याकडून येते, तेव्हा अर्जही तिथेच. भाड्याने राहणाऱ्यांनी नावबदलाच्या नादी लागू नये. करारात रीडिंग लिहून घेतलं की पुरे.

«घर बंद, तरी चारशे युनिट»

आता आमचं रामायण. मे महिना रंगकामात गेला. आम्ही शनिवार-रविवारी येऊन कुठला रंग खुलतोय ते बघायचो आणि संध्याकाळी परत. घरात दोन बल्ब आणि एक पंखा. जूनमध्ये बिल आलं ४१२ युनिटचं. घरगुती दरांत १०० पर्यंत एक भाव, मग ३००, मग ५०० असे टप्पे आहेत, आणि वरून १६ टक्के वीजशुल्क. त्यामुळे युनिट वाढले की रक्कम नुसती वाढत नाही, उडी मारते.

पहिला संशय रंगाऱ्यावर. तो बिचारा घासकागद हाताने मारत होता. दुसरा संशय, सरासरीचं बिल. पण रीडिंग नीट होतं. तक्रार केली तर उत्तर आलं, रीडिंग तपासलं, बरोबर आहे. गंमत म्हणजे ते खरंच बरोबर होतं. फक्त मीटर आमचा नव्हता.

हे कसं शोधायचं ते सावकाश सांगते, कारण जुन्या इमारतींत हा प्रकार वाटतो त्याहून जास्त आढळतो आणि वर्षानुवर्षं कोणाच्या लक्षात येत नाही. पहिली पायरी: बिलावरचा मीटर नंबर आणि प्रत्यक्ष मीटरवर कोरलेला नंबर जुळतो का? आमचा जुळत होता. मीटरखाली ऑइलपेंटने «३०२» लिहिलेलंही होतं. इथेच बहुतेक जण थांबतात. दुसरी पायरी: त्या मीटरमधून निघालेली वायर खरोखर तुमच्याच घरी जाते का?

रविवारी सकाळी नवरा वर थांबला आणि मी खाली मीटर रूममध्ये. जिन्याखालची ती जागा, एका बाजूला कोणाची तरी मोडकी सायकल, समोर दोन ओळींत बारा मीटर. प्रत्येक मीटरवर एक बारीक लाल दिवा असतो, वीज वापरली जात असेल तर तो लुकलुकतो. मी फोनवर म्हटलं, मेन बंद कर. «केला,» तो म्हणाला. समोर ३०२ चा दिवा आपला चालूच: टिक, टिक, टिक.

«नीट केलास का?»

«अगं, पंखासुद्धा थांबलाय.»

त्यात शंकेला जागा नव्हती. घराचा मेन पूर्ण बंद असेल तर त्या घराच्या मीटरचा दिवा लुकलुकायचं काही कारण नाही. लुकलुकत असेल तर दोनच शक्यता: मीटर आणि मेन स्विच यांच्यामधून कोणीतरी वीज घेतंय, किंवा तो मीटर दुसऱ्याच घराचा आहे. मग मी त्याला मेन चालू करून फक्त इस्त्री लावायला सांगितली, आणि बाकीच्या मीटरांकडे बघत बसले. ३०३ च्या, म्हणजे शेजारच्या काका-काकूंच्या, मीटरचा दिवा एकदम घाईने लुकलुकू लागला. मीटरवर «३२०० इम्प/किलोवॉट-तास» असं काहीतरी छापलेलं असतं. म्हणजे एका युनिटला ३२०० लुकलुक. हजार वॉटची इस्त्री तासाला एक युनिट खाते, तेव्हा मिनिटाला साधारण ५३ वेळा दिवा लागायला हवा. मी मोबाइलवर मिनिट लावून मोजलं. ५५ भरले. दोन माझ्या मोजण्यातले असतील, किंवा काकांच्या... नाही, तेव्हा आमच्या घरातल्या बल्बचे.

हाच हिशेब मीटर जोरात पळतोय का हे बघायलाही चालतो. मेन चालू ठेवून बाकी सगळं बंद करा, माहीत असलेल्या वॉटचं एकच उपकरण लावा आणि मोजा. दोन हजार वॉटच्या गिझरला मिनिटाला १०७ च्या आसपास. आकडा फारच वर गेला तर मीटर तपासणीचा अर्ज करा. मीटरवर छापलेला आकडा ३२०० नसेल तर त्याप्रमाणे गणित बदला. इस्त्रीचा आणि गिझरचा थर्मोस्टॅट मध्येच बंद पडतो, तेव्हा गार असतानाच मोजा.

खात्री करायला मी ३०२ च्या मीटरखालचा स्विच पाडला. हे करण्याआधी सगळ्यांना सांगायला हवं होतं, तुम्ही सांगा. कोणाकडे लिफ्टचं, ऑक्सिजनचं किंवा ऑफिसचं काम चालू असतं. अर्ध्या मिनिटात वरून काकांचा आवाज आला, «लाईट गेली का हो?» ते पेपर हातात घेऊन जिन्यात आले होते. बाकी अकराही घरांत लाईट होती, फक्त त्यांच्याकडे नव्हती.

मागाहून कळलं ते असं. काही वर्षांपूर्वी भिंतीला ओल आली म्हणून मीटरचा बोर्ड समोरच्या भिंतीवर हलवला होता, आणि त्या वेळी काम करणाऱ्याने दोन वायरींची अदलाबदल केली होती. दोन्ही घरांचा वापर सारखाच असल्याने कोणाला पत्ता नाही. या उन्हाळ्यात काकांनी बेडरूममध्ये एसी बसवला, आणि त्याच महिन्यात आमचं घर बंद. म्हणून उघडकीला आलं.

असं आढळलं तर स्वतः वायर बदलू नका, इलेक्ट्रिशियनला लावूनही नाही. मीटरच्या सीलला हात लागला की विषय चुकीच्या बिलावरून वीजचोरीच्या कलमाकडे जातो. दोन्ही घरांनी मिळून एकच अर्ज करा, फोटो आणि जमल्यास व्हिडिओ जोडा, आणि जागेवर येऊन पाहणी करून दोन्ही बिलं दुरुस्त करावीत अशी मागणी लिहा. शेजाऱ्याची सही सगळ्यात महत्त्वाची, कारण दुरुस्तीत कोणातरी एकाचं बिल वाढणार असतं. आमच्याकडे ते काकांचं होतं. नव्या घरातली पहिली ओळख ही अशी! काका दोन दिवस गप्प होते. मग स्वतःच अर्जावर सही करून म्हणाले, «एसी मी लावला, तुम्ही कशाला भरता?» वाढीव रक्कम त्यांनी हप्त्यांनी मागून घेतली.

पाहणीला कोणी येत नसेल तर तक्रारीचा क्रमांक घेऊन (१९१२ वर मिळतो) उपविभागात लेखी द्या. तिथे हाललं नाही तर ग्राहक तक्रार निवारण मंच, आणि त्यावर मुंबई किंवा नागपूरचे विद्युत लोकपाल. मंचाकडे तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांत जावं लागतं.

«गिझर लावला की लाईट जाते»

आमच्या दुधाचा प्रसंग. स्वयंपाकघर आणि बाथरूम दोन्ही एकाच १० अँपियरच्या एमसीबीवर होती. १८०० वॉटचं इंडक्शन म्हणजे पावणेआठ अँपियर, २००० वॉटचा गिझर म्हणजे पावणेनऊ. बेरीज साडेसोळा. एमसीबी दोन-चार मिनिटं सहन करतो, तापतो आणि पडतो. म्हणजे तो बिघडलेला नाही, त्याचं काम करतोय. इलेक्ट्रिशियन म्हणेल, वीसचा टाकून देतो. नको म्हणा. भिंतीतली वायर तेवढ्या जाडीची नसेल तर एमसीबी पडणार नाही, वायर जळेल. योग्य उपाय म्हणजे गिझरला डीबीपासून, म्हणजे एमसीबींच्या डब्यापासून, स्वतंत्र वायर आणि स्वतंत्र एमसीबी. इंडक्शन नेहमी मोठ्या पिनेच्या, म्हणजे पॉवरच्या पॉइंटला लावायचं. कन्व्हर्टर लावून छोट्या सॉकेटमध्ये खुपसायचं नाही. एसी, गिझर, ओव्हन असं सगळं येणार असेल तर बिलावरचा मंजूर भार बघून तो वाढवायचाही अर्ज करून टाका.

एमसीबीऐवजी «टी» लिहिलेलं बटण असलेला रुंद स्विच पडत असेल, तर तो आरसीसीबी. तो जास्त वापराने पडत नाही, करंट कुठेतरी गळत असेल तर पडतो, आणि तिथे हयगय नाही. सगळे प्लग काढा, तो चढवा, मग एकेक उपकरण लावत जा. ज्याने पडेल ते दोषी. आमच्या ओळखीत दर वेळी जुना गिझरच निघाला आहे. हा स्विच वायरने बायपास करून देणारे कारागीर आहेत. त्यांना चहा द्या आणि परत पाठवा.

«एजन्सीवाला म्हणतो, इथे नंबर लागणार नाही»

सिलिंडर माणसाचा, हे वर आलंच. म्हणून जुने मालक «टाकी राहू द्या, हजार रुपये द्या» म्हणाले तरी घेऊ नका. टाकी आणि रेग्युलेटर त्यांच्या मालकीचे नसतातच, कंपनीचे असतात. त्यांनी फक्त डिपॉझिट भरलेलं असतं. त्या टाकीवर तुमचा नंबर कधीच लागणार नाही.

तुमचं कनेक्शन त्याच शहरात दुसरीकडे न्यायचं असेल तर जुन्या एजन्सीकडून बदलीचा कागद घ्यायचा. टाकी, रेग्युलेटर आणि डिपॉझिट तसंच राहतं. गाव बदलत असेल तर टाकी आणि रेग्युलेटर जमा करून टीव्ही, म्हणजे टर्मिनेशन व्हाउचर घ्यायचं. डिपॉझिट परत मिळतं ते जुन्या पावतीवर असेल तेवढंच, आणि नव्या ठिकाणी आजच्या दराने भरावं लागतं. १६ जून २०२२ पासून १४.२ किलोच्या टाकीचं डिपॉझिट १४५० वरून २२०० झालं आणि रेग्युलेटरचं १५० वरून २५०. ती मूळ पावती, एसव्ही, बहुतेकांच्या घरी आईच्या कपाटात असते. हलण्याआधी शोधा.

मधल्या काळात चूल पेटायला हवी. माझ्या भावाने नाशिकला पत्त्याचा पुरावा मिळेपर्यंत पाच किलोची छोटी टाकी घेतली. इंडेनची «छोटू» नावाने मिळते आणि तिला ओळखपत्र पुरतं, पत्ता लागत नाही. भाव बाजाराचा असतो, पण मेसपेक्षा स्वस्त.

टाकी घेताना काट्यावर ठेवायला सांगा. कड्याजवळ रिकाम्या टाकीचं वजन लिहिलेलं असतं, त्यात १४.२ मिळवा. तिथेच «बी-२७» असं काही असेल तर ती टाकीच्या चाचणीची मुदत: ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी एप्रिल ते जून, सी जुलै ते सप्टेंबर, डी वर्षाचे शेवटचे तीन महिने. मुदत उलटलेली टाकी परत करा. नव्या घरात नवी नारिंगी नळीही घ्या, तिचं आयुष्य पाच वर्षांचं असतं.

«पाइपचा गॅस आला, पण ज्योत मिणमिणती»

पाइपच्या गॅसचा नावबदल विजेसारखाच: इंडेक्स टू, सोसायटीचं ना हरकत पत्र, जुन्या ग्राहकाचं शेवटचं बिल आणि डिपॉझिटबद्दल त्याची संमती. पुण्यात महाराष्ट्र नॅचरल गॅस, मुंबईकडे महानगर गॅस. मीटर वाचताना फक्त काळ्या चौकटीतले आकडे घ्या, लाल आकडे दशांशानंतरचे. एका मैत्रिणीने सगळे मिळून एक आकडा कळवला आणि तिचा वापर हजारपट दिसला.

ज्योतीचं कारण वेगळंच असतं. सिलिंडरच्या शेगडीत जेटचं, म्हणजे बर्नरला गॅस सोडणाऱ्या तोंडाचं, भोक बारीक असतं. पाइपमध्ये मिथेन येतो, त्याची उष्णता आकारमानाने सिलिंडरच्या गॅसच्या सुमारे तिसरा हिस्सा, आणि दाबही कमी: पाइपला २१ मिलिबार, रेग्युलेटरला साधारण ३०. म्हणून तेवढ्याच आचेला मोठं भोक लागतं. जुनी शेगडी तशीच जोडली तर निळा ठिपका दिसतो आणि कुकरची शिट्टी अर्ध्या तासाने होते. उलट पाइपची शेगडी सिलिंडरला लावली तर पिवळी, लांब, काजळी धरणारी ज्योत उठते, आणि ते धोक्याचं आहे. उपाय म्हणजे जेट बदलणं. कंपनीच्या माणसाकडूनच बदलून घ्या. सुईने भोक मोठं करून देणारे गल्लोगल्ली भेटतात. काढलेले जुने जेट टाकू नका, एका डबीत घालून ठेवा.

वासाचंही इथेच सांगते. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, जमिनीलगत साचतो. पाइपचा हलका, छताकडे जातो. कुठलाही असो, चावी बंद, खिडक्या उघड्या, आणि कुठल्याही बटणाला हात नाही, एक्झॉस्ट फॅनच्या तर नाहीच. बाहेर येऊन फोन करायचा: सिलिंडर असेल तर १९०६, पाइप असेल तर मीटरवर चिकटवलेला नंबर.

आमचा पाइपचा गॅस सुरू झाला तेव्हा आषाढ लागला होता. सासूबाई मुहूर्तावर अडून बसतील असं वाटलं होतं, पण त्या म्हणाल्या, दूध काही पंचांग बघून नासत नाही. पुन्हा पातेलं ठेवलं. काका-काकूंनाही बोलावलं. या वेळी दूध व्यवस्थित उतू गेलं, ओट्यावरून खाली ओघळून नव्या टाइल्सपर्यंत. काकूंनी ते बघून काकांकडे वळून विचारलं, «म्हणजे अक्षय्य तृतीयेला इंडक्शनही आपलं आणि युनिटही आपल्याच मीटरवर पडले ना हो?»

काकांनी मान हलवली. «आणि गिझरचेही.»